तळ्याकाठचं टेबल

३ जानेवारी
विभागीय लेखक मंडळाची सभासद झाले. परिपत्रक बारकाईने वाचलं. महिन्याला वाचनबैठक, कादंबरीसाठी मार्गदर्शन, कथास्पर्धा, वार्षिक अंक. शिवाय जूनमध्ये मंडळाच्या तळ्याकाठच्या बंगल्यात पंधरा दिवस राहून लिहायची सोय. जागा एकच. सोबत फोटो: खिडकी, खिडकीत पाणी, खिडकीखाली जाड पायांचं टेबल. अशा टेबलाशी बसलं की माणूस लिहिणारच.

ठरलं. जूनमध्ये तिथे मी. त्याआधी कादंबरी. नाव ‘भेग’. नायिका पूल तपासणारी इंजिनिअर. पुलाला गेलेली भेग फक्त तिलाच दिसते. मी लॅबमध्ये लोखंडाचे तुकडे ताणून तोडते आणि ते कुठे, कशामुळे तुटले याचे रिपोर्ट लिहिते. म्हणजे विषय हातातला. पहिलं वाक्य तयार आहे: ‘भेग आधीपासूनच होती.’

ही रोजनिशी फक्त प्रगतीच्या नोंदीसाठी. भावना वगैरे लिहायच्या नाहीत.

६ जानेवारी
प्रगती नाही. कारण तांत्रिक. घरात लिहायला जागा एकच, जेवणाचं टेबल, आणि ते हलतं. आई म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. तिला सांगितलं की अंगण वाकडं असेल तर ते मोजता येतं. लॅबमधून आणलेली, पातळी बघायची लेव्हल टेबलावर ठेवून दाखवली. बुडबुडा मध्यावर नव्हता. आईने तो पाहिला आणि म्हणाली, छान, आता ताटं मांड.

१८ जानेवारी, संध्याकाळ
पहिली बैठक. गाडी वहिनीची, त्यामुळे वहिनीसोबत. (दादाची बायको. दातांची डॉक्टर. स्वभाव बोलका.) ती गाडीतच थांबणार होती. थंडी वाजली म्हणून आत आली.

मंडळाची पद्धत चांगली आहे. कुणी स्वतःचं लिखाण स्वतः वाचायचं नाही. चिठ्ठी टाकून दुसऱ्याकडे द्यायचं आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लेखकाने तोंड उघडायचं नाही. अध्यक्ष निवृत्त पशुवैद्य आहेत. त्यांच्या मते ज्याला आपलं दुखणं सांगता येत नाही त्यालाच डॉक्टर नीट तपासतो.

चहाच्या वेळी वहिनीने कुठल्याशा पेशंटची गोष्ट सांगितली. बस चालवणारे कवी हातातलं बिस्कीट चहात विसरले. अध्यक्ष तिला म्हणाले, हे लिहून काढा. ते प्रत्येकालाच म्हणत असावेत. मला म्हणाले नाहीत. मी लेखिका आहे हे त्यांनी ओळखलं असणार.

२ फेब्रुवारी
‘भेग’चं काम जोरात. सगळ्या पात्रांचे वय, उंची आणि शिक्षण यांचा तक्ता पूर्ण. पुलावरच्या भाराचा आलेख पूर्ण. पहिल्या वाक्यातला ‘च’ काढला.

वहिनी दोन पेशंटांच्या मधल्या वेळात मोबाईलवर काहीतरी लिहिते म्हणे. दादा कौतुकाने सांगत होता. माझी एक थिअरी आहे. वहिनीचे श्रोते दिवसभर तोंड उघडं ठेवून आडवे पडलेले असतात. त्यांना हरकत घेता येत नाही. अशा परिस्थितीत कुणालाही वाटेल की आपल्याला गोष्ट सांगता येते.

ही तक्रार नाही. निरीक्षण आहे.

१५ फेब्रुवारी
बैठक. वहिनीने कथा आणली होती आणि चिठ्ठीत ती माझ्याच वाट्याला आली.

कथा अशी: एक म्हातारी बाई दर थोड्या दिवसांनी दात दाखवायला येते. दातांना काहीही झालेलं नसतं. डॉक्टरला हळूहळू कळतं की एरवी कुणीच या बाईच्या चेहऱ्याला हात लावत नाही. हनुवटी धरून कुणीतरी चेहरा उजेडाकडे वळवावा, एवढ्यासाठी ती फी भरते. मग शेवटी माणुसकीवर दोन पानं.

मी ठरवून लॅबचा रिपोर्ट वाचावा तशी वाचली. आवाजात चढउतार नाही, थांबणं नाही. हेतू शुद्ध होता: वाचणाऱ्याच्या कौशल्याचा कथेला फुकटचा फायदा मिळू नये. वाचून झाल्यावर कुणी काही बोललं नाही. विमा एजंट सभासद फळ्यावर तारीख लिहिली तरी टाळ्या वाजवतात, तेही गप्प. मला वाटलं, पडली कथा. मग बसवाले कवी चष्मा पुसायला लागले. अध्यक्ष म्हणाले, इतकं संयमित वाचन या खोलीत फार वर्षांनी ऐकलं.

परत येताना वहिनीने सिग्नलला गाडी थांबवून माझा हात दाबला. सिग्नल सुटल्याचं मी तिला सांगितलं.

‘भेग’ आता दीर्घकथा करते आहे. कादंबरीत पाणी फार घालावं लागतं.

१ मार्च
परिपत्रक आलं. कथास्पर्धेत वहिनी दुसरी. फोटोसकट. हसू छान आलं आहे. धंदाच तो.

आईने परिपत्रक फ्रिजवर लावलं. दूध काढायला गेलं की दिसतं. चहा कोरा घ्यायला सुरुवात केली. प्रकृतीला बरा.

८ मार्च
वहिनी जूनच्या जागेसाठी तीच कथा पाठवणार आहे. मला म्हणाली, तूही पाठवणार आहेस हे माहीत आहे, नको वाटलं तर सरळ सांग. मी म्हटलं, छे, निरोगी स्पर्धा. मग म्हणाली, एकदा वाचून खरं खरं सांगशील का?

खरं खरं. तिनेच मागितलं.

९ मार्च
सुट्टी. सकाळी बसले ती दुपारी उठले. वहिनीच्या कथेवर नऊ पानं टिपण झालं. तुटलेल्या तुकड्याचा रिपोर्ट करतो तसंच: कुठे ताण जास्त, कुठे जोड कच्चा, कुठे नुसताच रंग. म्हातारीचा नवरा अनावश्यक. पावसाचं वर्णन उसनं. डॉक्टर तिसऱ्या पानावरच शहाणी होते, मग पुढे काय? शेवटची दोन पानं पूर्ण कापावीत. बाईला पुढची तारीख दिली तिथेच कथा संपली आहे, पुढे फक्त लेखिका बोलते आहे. मुद्दाम सगळं लिहिलं. इतक्या दुरुस्त्या पाहून माणूस सहसा नाद सोडतो. सोडला तर तिच्याच वेळेची बचत.

लिहिताना टेबल हललं की नाही आठवत नाही.

१० मार्च
वहिनी टिपण वाचून आत गेली. जेवताना डोळे सुजलेले. दादा मला म्हणाला, “मायक्रॉन, ती कथा होती गं. मढं नव्हतं.” (तो मला लहानपणापासून मायक्रॉन म्हणतो. मला त्यात अपमान वाटत नाही. मिलिमीटरचा हजारावा भाग, ते एक उपयुक्त माप आहे.)

समाधान वाटलं नाही. कर्तव्य पार पडलं एवढंच. भाजी दोनदा घेतली.

२२ मार्च
वहिनीने नवीन प्रत हातात दिली. क्लिनिकला गेली. कथेतला नवरा गेला. पाऊस गेला. डॉक्टर आता शहाणी होत नाही. शेवटी बाई पर्स बंद करते, डॉक्टर कॅलेंडर पाहून तारीख सांगते आणि बाई विचारते की त्याच्या आधीची नाही का. संपलं.

ते शेवटचं वाक्य माझ्या टिपणात नव्हतं. तिचं आहे.

जेवले नाही. भूक नव्हती.

५ एप्रिल
‘भेग’ लघुकथा होते आहे. दीर्घकथा हा ना धड इकडचा ना धड तिकडचा प्रकार. पहिल्या वाक्यात ‘च’ परत घातला. त्याशिवाय पुलाला वजन येत नाही.

लॅबमध्ये साहेबांनी विचारलं की रिपोर्ट उशिरा का येताहेत. सांगितलं, वैयक्तिक लेखनाचा ताण. ते म्हणाले, कंपनीच्या लेखनाचा घ्या थोडा.

१९ एप्रिल
बैठक. बसवाल्या कवींनी मला कोपऱ्यात गाठून विचारलं की वहिनींची कथा तुम्ही तपासली म्हणे, माझ्या कविता बघाल का? मी म्हटलं, मी स्वतः लिहिते. ते म्हणाले, हो का, काय लिहिता? सांगितलं, अलक. चार-पाच वाक्यांची कथा. विचार करून पाहिलं तर खरा कस तिथेच लागतो. उगाच पानं भरणाऱ्यांना ते जमत नाही.

दादा रात्री वहिनीला मोबाईलवर तळ्याचे फोटो दाखवत होता. अजून निकाल नाही, अर्जही गेलेला नाही, आणि बॅगेची चर्चा. लोकांना धीर नसतो.

३० एप्रिल, दुपार
आज पाच वाजेपर्यंत अर्ज. तीन वाजता वहिनीचा क्लिनिकमधून फोन. कुणीतरी पडून दात मोडून आला होता, ती अडकली होती. माझ्या लॅपटॉपवरून पाठवशील का गं, म्हणाली. फाईल उघडीच आहे.

बसले. घरात कुणी नाही. नेट कालपासून अधूनमधून जातं. हे दादालाही माहीत आहे. नेट गेलं होतं एवढं म्हटलं असतं तर कुणी पुढे विचारलं नसतं. तारीख टळली असती. बाकी अर्जदार कोण? विमा एजंट. म्हणजे जागा माझी.

पाठवण्याआधी एकदा वाचली, सहज. सातव्या पानावर एक परिच्छेद दोनदा चिकटला होता. तो काढला. एक स्वल्पविराम चुकीच्या जागी होता. तो हलवला. एवढं केल्यावर न पाठवणं म्हणजे स्वतःचंच काम वाया घालवणं. पाठवली. पोच आली. पोचेचा फोटो काढून तिला पाठवला.

मग स्वतःचा अर्ज. ‘भेग’ एक पान झाली आहे. सोबत परिशिष्टं: पात्रांचा तक्ता, भाराचा आलेख, पुलाचा आडवा छेद. नियमात किमान दहा पानं म्हटलं आहे. कथेचीच हवीत असं स्पष्ट म्हटलेलं नाही.

२० मे
निकाल. अध्यक्षांची ईमेल, दोघींना वेगवेगळी.

वहिनीला: निवड एकमताने.

मला: ‘आपला पुलाविषयीचा अहवाल समितीने रस घेऊन वाचला. मात्र त्यासोबत कथा जोडायची राहून गेलेली दिसते.’

ईमेल सेवेत काहीतरी तांत्रिक दोष असावा.

वहिनी कामावरून आली ती थेट माझ्या खोलीत. दारातच उभी राहिली, आनंद चेहऱ्यावरून काढून ठेवल्यासारखी. म्हणाली, “तुझी ती नऊ पानं वाचून मी रडले. पण मग वाटलं, अगं, एवढं लक्ष देऊन माझ्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं कधी.”

मी म्हटलं, अभिनंदन, आणि दार लोटून घे, डास येतात.

२१ मे
अध्यक्षांचा फोन. वहिनीने अर्जामागून माझं टिपणही समितीला पाठवलं होतं, मला न विचारता. समितीला ते फार आवडलं. म्हणाले, त्यात एक शब्द जास्तीचा नाही, मंडळात असं कुणी लिहीत नाही. महिन्यातून एक तपासणीची बैठक तुम्ही घ्या. ठाम नकार दिला. मी लेखिका आहे. दुसऱ्याच्या लिखाणाची डागडुजी करायला मंडळात आलेले नाही.

बसवाल्या कवींच्या कविता तेवढ्यात ईमेलने आल्या. उघडणार नाही.

पहिल्या कवितेची तिसरी ओळ काढायला हवी. तिथून पुढे कविता धावते.

१ जून
दादाला सुट्टी नव्हती, म्हणून वहिनीला तळ्यावर सोडायला मी गेले. नाहीतरी ती जागा एकदा पाहायची होती, पुढच्या वर्षीच्या दृष्टीने. पर्समध्ये ‘भेग’चं पान घेतलं होतं. वाटेत वहिनीला दाखवावं की काय, असा एक विचार होता. तीन टोलनाके गेले. दाखवलं नाही.

बंगला फोटोतल्यासारखाच. खिडकी तीच, पाणी तेच. टेबल प्रत्यक्षात आणखी चांगलं, जुन्या लाकडाचं. मी दारातच थांबले. वहिनीने बॅग ठेवली, जाऊन टेबलावर हात टेकला. टेबल डुगडुगलं.

“अगं, हेही हलतंय,” ती म्हणाली.

खाली बसून पाहिलं. खिडकीकडचा डावा पाय आखूड. वहिनीकडे कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता, पण ते तिला लागणार. ‘भेग’ची चौघडी केली. कमी पडली. आणखी एक घडी घातली. पायाखाली बरोबर बसली. वर पेन्सिल आडवी ठेवून पाहिली. घरंगळली नाही.

वहिनीने खाली वाकून पाहिलं नाही, खुर्ची ओढून बसली. दोन्ही कोपरं टेकवून जोर देऊन पाहिला आणि हसली. मी म्हटलं, आता लिही.

घरी आल्यावर आईने विचारलं, कशी आहे जागा. सांगितलं, टेबल उत्तम आहे.

प्रगती: ‘भेग’ तळ्याकाठी पोहोचली. मुक्काम पंधरा दिवस.