अण्णांचा हात आणि नवा हेडलॅम्प

गुरुवार, संध्याकाळ

शेवटी डोक्याला बांधायचा चार्जिंगचा हेडलॅम्प घेतलाच. स्वस्तातला, पण सेन्सरवाला. समोर हात हलवला की चालू, पुन्हा हलवला की बंद. चाकणला कंपनीत मशीनखाली शिरल्यावर तेलकट हातानं बटण शोधायला नको.

पण खरं कारण ते नव्हेच. घरी काही दुरुस्त करायला बसलो की वडील बॅटरी धरतात, आणि हल्ली अण्णांचा हात इतका थरथरतो की उजेड कामावर सोडून सगळीकडे पडतो. लहानपणी माझा हात जरा हलला की हेच अण्णा टपली मारायचे.

आज बेसिनखाली पाइप बसवत होतो. सवयीनं अण्णा शेजारी वाकले. "काय धरू रं?" म्हणत हात पुढं केला आणि लॅम्प विझला. मी ओरडलो. पुन्हा लावला, पुन्हा तोच हात, पुन्हा अंधार.

"थांब, बॅटरी आणतो!" केवढे खूश झाले!

"नको. हात मागं घेऊन गप उभे राहा."

राहिले. शाळेतल्या पोरासारखे. एवढं बोलायला हवं होतं का? टपली तर नाही ना मारली.

उजेड मात्र झकास आहे. जरासुद्धा हलत नाही.