ताप उतरला त्या दुपारी

सोलापूर,
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. श्रीदेवीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे तुझ्या सासरी सगळं ठीक. अव्वांचा गुडघा बरा आहे. बाप व्हायच्या घाईत शिवूभावजींनी पाळण्याला हिरवा रंग दिलाय, तो इतका भडक की बाळ दचकेल.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाळंतपणाला अक्काच पायजे. तिनंच मला वाचवलं." अव्वा शेजारी होत्या, म्हणून सासूसमोर मी नुसती हसले. जे बोलता आलं नाही ते लिहिते.

तुला सातव्या महिन्यात डेंगी निघाला, तेव्हा डॉक्टर तुला दवाखान्यातच ठेवणार होत्या. गरोदर बाई, धोका जास्त. मीच म्हणाले, "मी आरोग्य खात्याची आशाताई आहे, मला सगळं कळतं. घरी लक्ष ठेवते." त्यांनी माझ्या भरवशावर तुला घरी पाठवलं.

घरी सगळे तुझ्याभोवती. आमच्या यांनी तर डाळिंबाचे दाणे काढून वाटी तुझ्या हातात दिली. अकरा वर्षांत मी कितीदा तापाने फणफणले, या माणसाला साधा चहा सुचला नाही. मला मूल नाही आणि धाकटी जाऊ म्हणून आलेल्या तुला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी दिवस गेले, हे मी कधी गिळूच शकले नव्हते. ती वाटी बघून अंगाची लाही झाली.

पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. अव्वांनी देवापुढं साखर ठेवली. ताप उतरल्यावरचे दोन दिवसच जास्त धोक्याचे, हे मी नऊ वर्षं दारोदार सांगत फिरते. पोट दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, की तडक दवाखाना.

बारा वाजता तू म्हणालीस, "अक्का, पोटात लई दुखायलंय." दोनदा ओकलीस. चूळ टाकलीस ती लालसर होती. मी ती पाहिली, श्रीदेवी. आणि म्हणाले, "लाड पुरे. झोप जरा."

अव्वांनी विचारलं, "काय म्हनती?"

"काय नाय. ताप गेलाय की."

मग मी तांदूळ निवडत बसले. तू मरावीस असं मनात नव्हतं. एक दिवस तरी तुझ्यासाठी कुणी धावू नये, एवढंच होतं. पाच वाजता तुझे हात गार लागले आणि मी घाबरून रिक्षा बोलावली.

प्लेटलेट अठरा हजारांवर उतरलेल्या, रक्त घट्ट झालेलं, सलाइन अगदी मोजून लावलेलं. डॉक्टर म्हणाल्या, अजून उशीर झाला असता तर दोघांनाही गमावलं असतं. सगळ्यांनी मला शाबासकी दिली. मी ती घेतली.

हेवा अजून गेलेला नाही. तुझं नाव निघालं की मी उठून आत जाते. बाळाजवळ मला बसू द्यायचं की नाही, ते आता तू ठरव. नको म्हणालीस तर अव्वांना कारण मीच सांगेन, आणि खरं सांगेन.

पुढं कधी जिवाला बरं वाटलं नाही, तर जवळच्या बाईच्या तोंडाकडे बघत बसू नकोस. ती बाई मी असले तरी.

हेव्यासकट तुझीच,
महानंदा