ओरिजिनल कपाटात

मंगळवार, ११ फेब्रुवारी

विजया लेकीकडे जाणारच! पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथे दिल्लीजवळ वैशालीत व्हायचं — क्षिप्राला दिवाळीपासून सांगत होतो. लेक तिकडे काठमांडूत बसून म्हणते, ‘बाबा, यार, डॉक्टरच प्रवासाला नाही म्हणतायत.’ आता शनिवारी सकाळी सिझेरियन. मी येणार नाही, विजयाला स्पष्ट सांगून टाकलं. महिनाभर क्षिप्राशी बोललेलो नाही. फोन विजयाच घेते.

कानाच्या ऑपरेशनपासून विजयाला विमान बंद. म्हणून बस. बाईमाणूस, एकटी, परदेशात, बसने! मला नाही पटत. पण या घरात माझं ऐकतं कोण?

बुधवार, १२

मजनू का टीलाला विजयाला काठमांडूच्या बसमध्ये बसवून आलो. डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर. खाली ठेव म्हटलं, नाही ठेवला.

तिच्या मतदार कार्डाच्या झेरॉक्स काढून, त्यांवर तिच्या सह्या घेऊन दिल्या. ‘ओरिजिनल नेऊ का?’ म्हणाली. उडवून लावलं. अख्खी नोकरी मिनिस्ट्रीत काढली, ओरिजिनल कधी हातचं सोडलं नाही. वाटेत हरवलं म्हणजे? कपाटात ठेवून कुलूप लावलं.

वरण उतू गेलं. घरात करमत नाही.

गुरुवार, १३

सकाळीच फोन. अनोळखी नंबर. विजया! सोनौलीला, सीमेवर उतरवलं तिला. झेरॉक्स चालत नाही. ओरिजिनल कार्ड दाखवा, नाहीतर पासपोर्ट. पासपोर्ट आम्ही दोघांनीही कधी काढलाच नाही. पासष्टच्या वर असती तर सरकारी दवाखान्याचं कार्डही चाललं असतं म्हणे — ही बासष्टची! बस तिला सोडून पुढे गेली. एका लॉजच्या बाकावर बसून आहे. तिचा फोन बंद पडला म्हणून लॉजवाल्याच्याच फोनवरून बोलत होती.

रडली नाही, चिडली नाही. एवढंच म्हणाली, ‘मी विचारलं होतं तुम्हाला.’

लॉजवाल्याच्या व्हॉट्सअपवर कार्डाचा फोटो पाठवला, तोही चालेना. कुरियरवाला म्हणतो, सोमवारच्या आधी बिल्कुल नाही. तिकडे पोरगी ऑपरेशनला जाणार आणि आई सीमेवर बाकावर! माझ्यामुळे. दुसऱ्या कोणामुळे नाही.

मीच जातो. कपाट उघडलं, तिचं कार्ड शर्टाच्या आतल्या खिशात घातलं. परत कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं.

गुरुवार, बसमध्ये

अक्षर वाकडं येतंय. सारखा खिसा चाचपतोय. शेजारच्याने शेवटी विचारलंच — अंकल, सीने में दर्द है क्या? नाही म्हटलं. आहे, पण तसलं नाही.

एक्सप्रेसवेवर ट्रक उलटलाय. बस हलत नाही. ड्रायव्हर खाली उतरून निवांत चहा पितोय! आणि आज पोचलोच नाही तर? उद्या दुपार झाली तर विजया शनिवारी सकाळी कशी पोचणार?

क्षिप्राला फोन केला. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. ‘आई पोचेल,’ म्हटलं. ती म्हणाली, ‘भीती वाटते, बाबा.’ पहाडगंजच्या शाळेत पहिल्या दिवशी माझा हात सोडत नव्हती, तेव्हाचा आवाज. रेंज गेली म्हणून फोन ठेवला. रेंज गेली नव्हती.

बस सुटली एकदाची.

शुक्रवार, पहाटे

गोरखपूर मागे पडलं. कार्ड खिशात आहे. आत्ताच पाहिलं.

शुक्रवार, सोनौली

विजया त्याच बाकावर, डबा मांडीवर. कार्ड हातात दिलं. मला म्हणाली, ‘जेवलात का काही?’ आणि गेली, कमानीखालून पलीकडे. तिकडून दुसरी बस मिळाली. रात्रीपर्यंत पोचेल.

मी उभाच होतो. तेवढ्यात क्षिप्राचा फोन. ‘बाबा, इतक्या लांब आलाच आहात. तुम्ही पण या ना.’

येतो म्हणालो! लगेच, विचारही न करता. पिशवी उचलून रांगेत लागलोसुद्धा.

मग पाकीट उघडलं. माझ्या मतदार कार्डाची झेरॉक्स, खाली माझी सही. ओरिजिनल वैशालीत, कपाटात. किल्ली माझ्या खिशात.