मानाप्रमाणे नावं

३ डिसेंबर
आजपासून रोजनिशी नियमित. कारणच तसं आहे. शेजारची सुलक्षणा सकाळी आली. आमच्या असोद्याच्या आरोग्य केंद्रात ती आरोग्य शिक्षिका. जानेवारीत धुळ्याला आरोग्य शिक्षकांची परिषद आहे, तिथे तिला पोस्टर लावायचंय. आधी अडीचशे शब्दांचा गोषवारा पाठवायचा, तो पसंत पडला तर पोस्टर. म्हणाली, "नाना, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा. बाकी हात लावू नका."
पोरगी भिडस्त आहे. "फक्त" म्हणजे "सगळंच बघा", हे न कळायला मी काय काल जन्मलो? जन्मभर जळगावात लग्नपत्रिकांचा छापखाना चालवला. शिक्षण नववी, पण माझ्या पत्रिकेपायी एकही लग्न मोडलं नाही.

४ डिसेंबर
गोषवारा वाचला. विषय: शाळेतल्या मुली लोहाच्या गोळ्या का फेकतात? सुलक्षणाने सरळ मुलींनाच विचारलं. गोळी मिळायची सकाळी, उपाशीपोटी. मळमळायचं. मग हिने मुख्याध्यापकांशी वाद घालून वेळ बदलून घेतली. आता दुपारची खिचडी खाऊन झाली की ओसरीत बसून सगळ्या एकदम गोळी घेतात. कुंपणामागे गोळ्या सापडणं बंद.
काम चोख. सुरुवात मात्र फार कोरडी. ना गणपती, ना कुलदैवत.

५ डिसेंबर
पोरगी एवढी का मागे लागली आहे ते आज कळलं. मागे तिचंच एक काम कोण्या साहेबांनी पुण्यात स्वतःच्या नावावर वाचलं. हिचं नाव कुठेच नाही. या वेळी तिला स्वतः उभं राहून सांगायचंय. "माझं नाव असलं पाहिजे हो, नाना," एवढंच म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मी शब्द दिला. नाव असं लागेल की धुळं बघत राहील.
आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "शब्द देऊ नका, शब्द मोजा. अडीचशेच सांगितलेत."
दुर्लक्ष केलं.

८ डिसेंबर
गोषवारा नऊशे शब्दांवर गेला. प्रस्तावनेत असोद्याची केळी आली, त्याला इलाज नव्हता.

९ डिसेंबर
काळजावर दगड ठेवून कापाकापी. आधी केळी गेली, मग कुलदैवत, शेवटी गणपती. उरला तो बहुतेक तिचाच मजकूर. माझा एक "सस्नेह" तेवढा टिकला. पण सगळी शान त्या एका शब्दात आहे.

११ डिसेंबर
शेवटची तारीख. सुलक्षणा लसीकरणाला शेतवस्तीवर, तिथे रेंज नाही. फॉर्म भरायची जबाबदारी माझ्यावर. मोबाईलवर मी एकट्याने भरला, चष्मा दोनदा पुसून.
एका ठिकाणी विचारलं होतं, लेखकांची नावं क्रमाने लिहा. मला हसूच आलं. क्रम! हे तर माझं घरचं शेत! क्रम म्हणजे मान. एका पत्रिकेत मामाचं नाव चुलत्याच्या खाली गेलं, तर मामा मांडवात आला आणि न जेवता गेला. तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय.
सगळ्यात वर आशीर्वाद देणारं माणूस, म्हणजे अभिमन आबा. मुली जिथे गोळी खातात ती ओसरी आबांनीच बांधून दिलेली. आबांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण पत्रिकेत गेलेल्या माणसाला पहिला मान असतोच. फॉर्ममध्ये "कै." लिहायची सोय नव्हती, म्हणून "श्री." केलं. मग सरपंच, मग मुख्याध्यापक, मग मार्गदर्शक म्हणून मी. आणि सगळ्यात खाली, यजमानाच्या मानाच्या जागी, सुलक्षणा. कार्य तिच्या घरचं ना!
पाठवून दिला. ही विचारते, पोरीचं नाव कुठे? म्हटलं, खाली, यजमान खालीच असतो. हिचं माहेर सोनगीर. राग आला की अहिराणी सुरू होते. "ती काय लगीननी पत्रिका शे का?"
छपाईतलं बारीक काम सगळ्यांनाच कळतं असं नाही.

२२ डिसेंबर, सकाळ
पसंत! गोषवारा पसंत पडला! पेढे आणले. घरासमोर बोर्ड लावायचं ठरवलं: "प्रेमराज शोधनिबंध व पोस्टर मार्गदर्शन केंद्र". फ्लेक्सची ऑर्डर देऊन टाकली. खान्देशातले सगळे आरोग्य शिक्षक दारात उभे राहणार. ओट्यावर बाक टाकावा लागेल.

२२ डिसेंबर, संध्याकाळ
सुलक्षणाने ईमेल शेवटपर्यंत वाचला. "पहिले लेखक श्री. अभिमन यांनी ओळखपत्रासह स्वतः उपस्थित राहून पोस्टर सादर करावे. इतरांना परवानगी नाही."
अर्धा पेढा ताटलीत ठेवला आणि गेली.
ओरडली असती तर बरं झालं असतं.

२३ डिसेंबर
मार्ग काढायला आबांच्या पत्नी भिकुबाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. "हयात होते तेव्हा जळगावलासुद्धा कोणी बोलावलं नाही त्यांना. आता धुळ्याचं बोलावणं! थांबा, टोपी धुऊन ठेवते." मग हसायची थांबली. म्हणाली, "प्रेमराजभाऊ, आबा असते तर स्वतः उठून खाली बसले असते. पोरीला वर बसवलं असतं."
चहा न घेताच आलो. तसाही त्यांच्याकडचा चहा गोड फार.

२४ डिसेंबर
परिषदेला पत्र लिहायला घेतलं. तीन पानं झाली, अजून मुद्द्यावर यायचं होतं. तोवर सुलक्षणाने सरळ फोन लावला. परिषदेच्या दिपमाला मॅडमना म्हणाली, "मॅडम, माझे पहिले लेखक वारले आहेत आणि बाकीच्यांना आपण लेखक आहोत हेच माहीत नाही." मॅडम बराच वेळ हसत होत्या म्हणे. मग म्हणाल्या, नावं काढायला हरकत नाही असं सगळ्यांकडून लिहून आणा, आबांसाठी मृत्यूचा दाखला चालेल.
माझ्या पत्राचा पाया असल्याशिवाय हे एवढं सोपं झालं नसतं. (पत्र पाठवलेलं नाही.)

२६ डिसेंबर
सरपंचांनी सही केली, मुख्याध्यापकांनी केली. भिकुबाईंनी दाखला दिला. सुलक्षणा कागद घेऊन माझ्याकडे सगळ्यात शेवटी आली. म्हणाली, "नाना, तुम्ही राहिलात."
माझं नाव छापून यायचं ते पहिल्यांदाच होतं. छापखानेवाल्याचं नाव पत्रिकेत येतं, पण तळाला, मुंगीच्या टाइपात.
सही केली. शाई वाळेपर्यंत कागद हातातून सोडला नाही. थंडी फार पडली आहे यंदा.

१० जानेवारी, धुळे
पोस्टरची नळी मीच आणली. बसमध्ये मांडीवर, नातवासारखी. पिशवीत माझ्या मार्गदर्शन केंद्राचा फ्लेक्सही होता. जागा मिळाली तर लावू म्हटलं.
सभागृहात बघतो तर काय, निम्मी पोस्टरं वाकडी! मला वाकडा कागद बघवत नाही. कात्री, सुतळी आणि चिकटपट्टी जवळ होतीच. सुलक्षणाचं सरळ केलं, शेजारचं केलं, मग जो तो हाक मारायला लागला. "काका, इकडे!" शिरपूरचा एक नीलेश नावाचा आरोग्य शिक्षक, त्याचं तर तीनदा लावलं. दुपारपर्यंत मी खान्देशातल्या आरोग्य शिक्षकांना मार्गदर्शन करत होतो: "डावीकडून जरा वर."
सुलक्षणा पोस्टरसमोर उभी राहून बोलली. दिपमाला मॅडमनी विचारलं, या गोळीच्या कामाचे पहिले लेखक कोण? म्हणाली, "मी." आणि मुली गोळी कुठे बसून खातात तेही सांगितलं. माझ्या डोळ्यांत चिकटपट्टीचा काहीतरी कण गेला.
नीलेश निघताना म्हणाला, "नाना, पुढच्या वर्षी नक्की या. चिकटपट्टी विसरू नका." केंद्राचा फ्लेक्स त्यालाच दिला. पोस्टर गुंडाळायला जाड कागद शोधत होता.
घरी निघण्याआधी सुलक्षणाचं पोस्टर नीट वाचलं. वर मोठ्या अक्षरात तिचं एकटीचं नाव. अगदी तळाला, मुंगीच्या टाइपात: "आभार: कै. अभिमन आबा, ओसरीसाठी. प्रेमराज नाना, ऱ्हस्व-दीर्घासाठी."
आबा वर, मी खाली. मानाप्रमाणे बरोबर आहे. तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार, पद्धत माझीच.