चाळीस वॅटची शेड

अण्णा, आज बल्ब आणायला गेले होते. तुम्ही असतात तर खूश झाला असतात, कारण दुकानदाराने भर दुकानात माझी शाळा घेतली आणि मी निमूट ऐकून घेतलं. आईच्या स्वयंपाकघरासाठी पाहिजे, सगळ्यात जास्त उजेडाचा द्या, एवढंच मी म्हटलं होतं. आई आता माझ्याकडे, बिबवेवाडीत असते, आणि ओट्यापाशी उभं राहिल्याशिवाय तिला अजून चैन पडत नाही. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "घरात लावायचाय की पर्वतीवर?" मग दिव्यावरची शेड कसली, बंद की उघडी, होल्डर किती जुना, सगळी उलटतपासणी. शेड बंद आहे म्हटल्यावर म्हणाला, "बंद शेडमध्ये एवढा मोठा एलईडी घालाल तर आतल्या आत उकडून मरेल तो. मग बल्ब वाईट दिला म्हणून मलाच ऐकवायला याल." मी म्हटलं, अहो, आईला दिसत नाही नीट. त्यावर तो म्हणाला, "मग शेड काढा ना. आईला बघायचंय की शेडला?"

मी तिथेच काउंटरला धरून उभी राहिले. इतका साधा प्रश्न आपल्या घरात कुणाला सुचू नये, याची इतक्या वर्षांनी पुन्हा चीड आली.

नारायण पेठेतल्या आपल्या त्या तीन खोल्या आठवतात ना? बल्ब कुठलाही जावो, मोरीतला का असेना, नवा आला की तो बाहेरच्या खोलीत लागायचा. बाहेरच्या खोलीतला मधल्या खोलीत, मधल्या खोलीतला स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातला, काच आतून काळी झालेला, मोरीत. तुम्ही स्टुलावर चढून हे सगळं स्वतः करायचात आणि त्याला "बदल्या" म्हणायचात. आम्हाला हसू यायचं. बाहेरच्या खोलीत तुम्ही वह्या तपासायचात, तुमचे शाळेतले मास्तरलोक चहाला यायचे, तिथे लख्ख पाहिजेच होतं. आई पहाटेपासून जिथे उभी असायची तिथे मात्र दुसऱ्यांनी वापरून टाकलेला उजेड. दिव्याखाली अंधार म्हणतात. आपल्याकडे तर दिवा बदलून बदलून अंधार नेमका तिच्याच डोक्यावर आणून ठेवलेला होता.

तिने कधी भांडण केलं नाही. एकदा नुसतं म्हणाली, "अहो, इथे जरा दिसत नाही हो. तांदळातले खडे राहतात." पुढच्या रविवारी तुम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यातून एक शेड घेऊन आलात. दुधी प्लास्टिकची, गोल, झाकणाची. म्हणालात, "घे, तुझ्या स्वयंपाकघराला दागिना." उजेड मागितला तर शेड आणलीत, अण्णा. आणि तिच्यात बल्ब घातलात तो मधल्या खोलीतून बदली होऊन आलेलाच. आई शेडखाली उभी राहून वर बघत हसली, कारण तुम्ही आयुष्यात तिच्यासाठी आपणहून आणलेली ती पहिलीच वस्तू होती. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

नंतर तिने कुणाला न सांगता शंभरचा बल्ब आणला आणि तुम्ही शाळेत असताना लावला. शेडच्या आत बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, चाळीस वॅटपर्यंत. ते तिला वाचता कुठे येत होतं, तिला तर खडेही दिसत नव्हते. दोन दिवस तिने पोळ्या करताना गाणं गुणगुणलेलं मी ऐकलं आहे. तिसऱ्या दिवशी बाहेर तुमचे मास्तरलोक बसलेले, आत कांदेपोहे होतायत, आणि जळक्या प्लास्टिकचा वास येतो. तुम्ही धावत येता, मेन स्विच बंद करता. शेड एका बाजूने वितळून खाली ओघळलेली, होल्डर काळाठिक्कर. तुम्ही ती शेड हातात धरून बाहेर नेता आणि सगळ्यांना दाखवता. "चाळीसच्या शेडमध्ये शंभरचा बल्ब. आमच्या सातवीतल्या पोरांना कळतं, यांना नाही." ते सगळे हसतात. आई दारात उभी आहे, पदराने हात पुसते आहे. "दिसत नव्हतं हो," म्हणते. "दिसत नव्हतं म्हणून घर पेटवायचं?"

तुमचं म्हणणं चूक नव्हतं, हेच तर सलतं. उष्णता बाहेर पडायला जागा नव्हती, वायरीचं आवरण करपलं होतं, खरंच पेटलं असतं घर. विज्ञान तुमचा विषय. पण ज्या बाईने जन्मात तुम्हाला विचारल्याशिवाय काडेपेटी आणली नाही, तिने चोरून बल्ब का आणला असेल, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही. पोहे मात्र खाल्लेत. नव्या होल्डरमध्ये पुन्हा चाळीसचा लागला, आणि त्यानंतर "दिसत नाही" हे वाक्य आपल्या घरात कुणी उच्चारलं नाही.

तुम्ही गेल्यावर मी तिला इकडे घेऊन आले. चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवायला लागली तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेली. काचबिंदू. खूप जुना. मी तावातावाने त्यांना आपल्या बल्बांची कहाणी सांगितली, तर ते शांतपणे म्हणाले, कमी उजेडाने हा आजार होत नाही. घ्या, सुटलात. मग म्हणाले, "पण अंधुक उजेडात दिसत नाही अशी तक्रार त्यांनी आधी कधी केली नव्हती का? तेव्हा थेंब सुरू झाले असते तर बरीच नजर राहिली असती. गेलेली आता येत नाही." मी काय सांगणार होते? केली होती, डॉक्टर, तक्रार. त्याची शेड आणली आम्ही.

आज वायरमन येऊन गेला. बंद शेड काढली, जुना होल्डर बदलला, ओट्यावर दुधी झाकणाची लांब एलईडी ट्यूब लावली, डोळ्यांवर न येणारी. आईला हाताला धरून खाली उभी केली. तिने स्वतःची बोटं डोळ्यांसमोर धरली, उलटीपालटी करून पाहिली. मला वाटलं, आता हसेल.

"नवीन आहे?" म्हणाली.

"हो."

"मग इथे कशाला लावलास? बाहेरच्या खोलीत लाव की."

मी आत जाऊन तोंड धुऊन आले.

बाहेरच्या खोलीत तुमचा फोटो आहे, त्यावर झिरोचा लाल दिवा. तो गेल्याला बरेच दिवस झाले. तसला बल्ब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, आज तर समोरच टांगलेले होते. आई रोज संध्याकाळी फोटोपाशी चाचपडत येते, हात जोडते आणि मला विचारते, "यांचा दिवा लागलाय ना गं?"

मी हो म्हणते.