मासळीच्या बर्फातलं गोड

मु. डिंभे,
११ एप्रिल १९९९

चि. दादाभाऊ,
तुला आणि स्नेहलला थोरल्या आक्काचे आशीर्वाद. तुझा खोकला थांबला असेल, गाभण गाय मोकळी झाली असेल. (मला कोण कळवतंय म्हणा!) इकडे मी बरी आहे, तुझे दाजी बरे आहेत. मुंग्या तर लईच मजेत आहेत, त्यांचं पुढं येईलच.

सोमवारी तू चहासुद्धा न घेता गेलास, म्हणून हे पत्र. 'जीप घेऊन येतो, आक्काला घरीच थांबायला सांगा,' असा तुझा निरोप आला, तेव्हा मला वाटलं, आप्पा गेल्यावर चार वर्षांनी का होईना, भावाला आठवण झाली. आपल्या बोरीची यात्रा तोंडावर आलीय, बहिणीला माहेरी न्यायला येतोय. मी पिशवी भरली. हिरवं लुगडं वर ठेवलं. शेजारच्या प्रयागबाईला कोंबड्या सांभाळायला सांगितल्या. (तिला दोनदा सांगितलं, 'माझा भाऊ न्यायला येतोय.' एकदा सांगून भागलं असतं.)

मग म्हटलं, तुझ्या आवडीचं काहीतरी करावं. येडगावच्या लग्नात स्नेहलनं तिच्या त्या 'पाय' नावाच्या विलायती गोडाचं कौतुक केलं होतं (काय ते नाव!). तू म्हणे एकटा अर्धी ताटली संपवतोस. 'अगदी सोपं, वन्सं, चूल पेटवायचीच नाही.' खरंच सोपं आहे. बिस्किटं कुटायची, तुपात कालवून ताटलीत थापायची. वर चक्का, साय, डब्यातलं आटवलेलं दूध आणि संत्र्याच्या सरबताची पावडर घोटून ओतायची. मग फ्रीजमध्ये ठेवून द्यायचं. बिस्किटं मी खलबत्त्यात कुटली, त्यात आदल्या दिवशीचा लसूण होता, ते सोड. पण फ्रीज कुठून आणू? तो तुझ्या घरात आहे, आप्पांच्या खोलीत, आप्पांची खाट होती तिथं. लग्नात स्नेहलनंच सांगितलं.

तुझे दाजी धरणावर ठेकेदाराच्या मासळीच्या पेट्या भरतात, हे तुला ठाऊक आहे. (सोयरीक आप्पांनी जुळवली तेव्हा दाजींना बागायत होती. ती धरणात गेली, त्यात दाजींचा काय दोष?) त्यांनी एक पेटी तीनदा धुतली, बर्फ भरला, त्यात माझी ताटली झाकून ठेवली. चार तासांत झकास घट्ट झालं. रंग तर असा की बघत राहावं. वास आम्हाला आला नाही रे. आमच्या नाकांना सवय झालीय. तुझ्या गळ्यात माळ आहे, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

तू आलास. पिशवी दाराशीच होती, तू ती पायानं जरा बाजूला सारलीस आणि खाटेवर बसलास. मी ताटली पुढं केली. स्नेहलनं नाकाला पदर लावला. तू म्हणालास, 'आक्का, हे राहू दे, आधी ह्यावर सही कर.' आणि हक्कसोडाचा कागद काढलास. 'सगळ्याच बहिणी करत्यात, नुसती रीत हाय.' रीत मला ठाऊक आहे. बहिणीला यात्रेला न्यायची पण रीतच असते, दादाभाऊ. तोवर ते गोड उन्हानं पातळ झालं होतं. ताटली कशी कलंडली देव जाणे, सगळं त्या स्टँपपेपरवर. तुझं नाव, माझं नाव, गट नंबर, सगळं नारिंगी झालं. तू ताडकन उठलास आणि जीप गेली.

स्नेहलला सांग, तिनं सांगितलेलं चुकलं नव्हतं. तब्येतीला जप.

तुझी,
निर्मलाक्का

ता. क. : तो कागद मी धुऊन दोरीवर चिमट्यानं लावलाय. त्याला मुंग्या लागल्यात. हवा असेल तर घेऊन जा.

ता. क. : ताटली मीच कलती केली. राग येऊ दे, खोटं बोलवत नाही. मला वावर नको रे. मला चार दिवस माझ्या बापाच्या अंगणात बसायचंय. नवा कागद घरीच तयार ठेव, तिथं आल्यावर न वाचता सही करते. पण न्यायला तू ये, माणूस धाडू नकोस.

ता. क. : यात्रेला नऊ दिवस आहेत. पिशवी मी अजून सोडलेली नाही. बाहेर दोनच लुगडी आहेत, तीच धुऊन नेसते. प्रयागबाई रोज विचारते.