पाचवी खुर्ची आणि राक्षसाच्या पाठीवरची चेन

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (इथे वाकूनच राहावं लागतं, छत फार खाली आहे. कुठे, ते पुढे कळेलच.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला थांबला का? दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या भावाची खुशाली पत्राने विचारावी लागते याची मला लाज वाटते. पण त्या संध्याकाळपासून तू आमचा फोन उचलत नाहीस आणि हे तुझं नाव काढू देत नाहीत, तेव्हा दुसरा इलाज काय?

त्या संध्याकाळचं मी पुन्हा उकरून काढत नाही. एवढंच म्हणते, की अणुयुद्धातून वाचलेल्या शेवटच्या चार माणसांवर तो किरणोत्सर्गाने बिघडलेला राक्षस चालून येत असताना "अरे, ह्याच्या पाठीला चेन आहे!" असं ओरडून तू पोट धरधरून हसायला नको होतंस. ह्यांचा तो सगळ्यात लाडका सिनेमा. आणि "ज्याला भीती वाटत नाही त्याने माझ्या घरी सिनेमा बघायला येऊ नये," असं ह्यांनीही म्हणायला नको होतं. तू तणतणत रेनकोट उचलून गेलास (तोही ह्यांचा!) आणि तुझा आमच्या खुंटीवर राहिला. तेव्हापासून पाऊस आला की तू बोटांपर्यंत झाकलेल्या हातांनी फिरतोस आणि ह्यांचे हात तुझ्या बाह्यांतून वीतभर बाहेर असतात. पण रेनकोट बदलून घ्यायला कोण येईल तर शपथ.

हे लिफ्टच्या कामातून निवृत्त झाल्यापासून रोज जेवण झालं की तसला एक सिनेमा लागतो. जुना, काळा-पांढरा, स्वस्तातला. मलाही आता त्यांची गोडी लागली आहे, पण माझे प्रश्न काही सुटत नाहीत. जगाचा शेवट म्हणजे काय, तर खिडकीत लख्ख उजेड होतो, टेबलावरचा दिवा हलतो, रेडिओवर कुणीतरी घसा खाकरतो, झालं. युद्ध कुणाचं कुणाशी, ते कुणी विचारतही नाही. निर्मात्याकडे बाहेर जायला पैसे नसतात, म्हणून उरलेला सिनेमा एकाच खोलीत. तिथे एक म्हातारा बाप, त्याची लग्नाची मुलगी, एक दगडांचा अभ्यासक आणि एक गुंड. दगडांचाच अभ्यासक का? शिंपी का वाचत नाही? सगळ्यांचे कपडे फाटतात, मुलीचे केस मात्र जागच्या जागी. आणि भांडी कोण घासतं? डबे तर रोज उघडतात! एकात ओसाड शहराच्या मागून एक बस निवांत निघून गेली. मी ह्यांना विचारलं, ही कुठे चालली? हे म्हणाले, "डेपोत."

मग ह्यांच्या डोक्यात शिरलं, की आपल्या इमारतीच्या तळघरातही युद्धातून वाचायला अशी एक खोली करायची. मोडक्या सायकली आणि जुन्या खाटा फुकटात हलतील म्हणून घरमालक हो म्हणाले. पण ह्यांचा जन्म लिफ्टमध्ये गेलेला. आत किती माणसं मावतील याची पाटी लावल्याशिवाय ह्यांना कुठलंच दार पुरं झाल्यासारखं वाटत नाही. ह्यांनी दारावर पाटी ठोकली, "कमाल पाच व्यक्ती", आणि त्या दिवसापासून इमारतीची शांतता गेली. पाच कोण? हे, मी (मला कुणी विचारलं नाही), पहिल्या मजल्यावरचा शिंपी (माझ्या हट्टामुळे) आणि वरच्या नर्सबाई. पाचवी खुर्ची कुणाची ते काही सांगेनात.

मग काय, लोक येऊन आपापले गुण सांगू लागले. गणिताच्या मास्तरांनी गाऊन दाखवलं. (ते न वाचलेले बरे.) समोरच्या काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा जिन्यात थांबून माझी चौकशी केली. घरमालक तर भडकलेच. तळघर त्यांचं आणि जागा त्यांनाच नाही! "युद्धानंतर मालकी राहत नाही," हे शांतपणे म्हणाले. "युद्धाआधी राहते ना? मग दार लावून आत बसायची जी तालीम करणार आहात, तिला मी येणार," घरमालक म्हणाले, आणि आलेच.

आज सकाळी ती तालीम झाली. मोबाइल वरच ठेवायचे, कारण त्या सिनेमांत कुणाकडे नसतात. दाराची बाहेरची मूठ ह्यांनी कालच काढून टाकली होती, कारण त्या सिनेमांत बाहेरून नेहमी नको तोच माणूस येतो. दार लागलं. शिंप्याने नर्सबाईंच्या बाहीचा सुटलेला टाका घालून दिला आणि मग ती दोघं त्या बाहीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली (हे मात्र अगदी सिनेमासारखं). बिस्किटांचा डबा आधी कुणी उघडला यावरून भांडण झालं. चहाचे कप मी विसळले. तेव्हा दादा, भांडी कोण घासतं ते मला कळलं.

घरमालक इतका वेळ उभे होते. ते हळूच पाचव्या खुर्चीवर टेकायला गेले तर हे ओरडले, "ती भरलेली आहे!" कुणाची म्हणून सगळ्यांनी गलका केला. हे दाराकडे बघत म्हणाले, "माझ्या मेव्हण्याची." त्यांना काय येतं, असं शिंप्याने विचारलं. हे म्हणाले, "काही येत नाही. पण आपण सगळे घाबरून बसू तेव्हा चेन दिसणारा एक तरी माणूस आत पाहिजे." दादा, मला रडूच आलं. डोळे पुसायला पदरही सापडेना, कारण त्याने मी कप पुसत होते.

आता तरी राग सोड. वहिनीला माझी आठवण सांग.

तुझीच,
धाकटी

ता. क. वर "तालीम झाली" असं लिहिलं आहे, ते खरं नाही. चालू आहे. दाराची आतली मूठ ह्यांच्या हातात आली. जन्मभर लिफ्टमध्ये अडकलेल्यांना सोडवणारा माणूस ती मूठ धरून बसला आहे, आणि दार स्वतः बसवलेलं म्हणून तोडूही देत नाही. ते बाहेरून लिफ्टच्या तिकोनी किल्लीने उघडतं. ती किल्ली ह्यांच्या रेनकोटच्या आतल्या खिशात आहे, म्हणजे तुझ्याकडे. तोंडी निरोप तू ऐकून घेणार नाहीस, म्हणून हे पत्र झरोक्यातून वॉचमनच्या हाती देते आहे. (तो मघापासून "लवकर आटपा" म्हणतो आहे.) उत्तर लिहीत बसू नकोस, रेनकोट घालून निघ.

आणखी एक. हे माझ्या खांद्यावरून सगळं वाचत होते, मला आत्ता कळलं. म्हणाले, "लिही त्याला, चेन मलाही दिसते. पहिल्यापासून दिसते." आणि वर म्हणाले, "दार उघडल्यावर हसला तरी चालेल म्हणावं."